बसून पाहिलेला समुद्र

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

दोनदा पाय धुतले तरी घोट्यापाशी हात फिरवला की वाळू लागतेच. डोळे मिटायला लागलेत, पण आज लिहिलं नाही तर उद्या सोमवार, आणि सोमवार सगळं पुसून टाकतो.

ताईबरोबर समुद्राकाठच्या त्या गावी जाऊन आले. पहाटेची बस, रात्री घरी, मुक्काम नाही. ताईने नेहमीप्रमाणे कागदावर यादी केली होती : दीपगृह, जुना धक्का, रंगीत घरांची गल्ली, सूर्यास्त. माझी यादी एका ओळीची होती आणि ती मी तिला सांगितली नव्हती. काहीही करायचं नाही.

सव्वानऊला काठावर पोचलो तर समुद्र जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण पार तिकडे, ओल्या चकाकत्या पुळणीपलीकडे एक पांढरी रेघ. पूर्ण ओहोटी. परवाच पौर्णिमा झाली, उधाणाचे दिवस; अशा वेळी पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. ताई वैतागली. "एवढ्या लांबून यायचं आणि हा बाहेर गेलेला!"

मला मात्र पुळणच सापडली. ओल्या वाळूत करंगळी जेमतेम जाईल असं भोक, आणि त्याच्याभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या, भोकापासून बाहेर जाणाऱ्या रेघांमध्ये मांडलेल्या. कुणीतरी बसून रांगोळी घातल्यासारखं. दोन पावलं मागे सरून न हलता बसले, तेव्हा मालक बाहेर आला. नखाएवढा खेकडा, रंग थेट वाळूचा. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात कोंबायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलायची, एक पाऊल पुढे. गोळ्यांच्या मधून भोकाकडे जाणारी एक वाट त्याने मोकळी ठेवली होती. माझी सावली हलली की त्याच वाटेने आत. मग पुन्हा डोळे, पुन्हा नांग्या, पुन्हा गोळी. हे सगळं भरती येईपर्यंत, कारण मग रांगोळी पुसली जाणार आणि पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून सुरुवात. अर्धा तास तरी मी तिथून उठले नाही. ताई तोवर गल्ली पाहून आली होती.

गल्ली मी नंतर पाहिली, ओझरती. समुद्राला लागून असलेली सगळ्यात जुनी घरं समुद्राकडे पाठ करून उभी आहेत, खिडक्यासुद्धा इवल्याशा. सज्जे, कठडे आणि समुद्राकडे तोंड केलेल्या खुर्च्या, सगळं नव्या घरांना. ज्यांना समुद्र रोजचा, त्यांना वारा आणि खार अंगावर घ्यायची हौस नसणार. ती हौस आमच्यासारख्यांची, आणि तीही फार जुनी नाही. 1750 मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने ग्रंथींच्या आजारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा लॅटिन प्रबंध लिहिला. नुसतं डुंबायचं नाही, प्यायचंसुद्धा! लिटरमागे जवळपास 35 ग्रॅम मीठ असलेलं पाणी. तरीही लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रायटनला लोटले. पुढे 1841 मध्ये लंडनहून तिथवर रेल्वे झाली आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतणं साध्या माणसालाही जमू लागलं. आज मी जे केलं त्याचं मूळ हवापालटाच्या चिठ्ठीत आहे. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती, एवढंच.

अकराला ताई दीपगृहाकडे निघाली. "चल ना, वरून काय दिसतं बघ." मी नाही म्हटलं आणि चपला काढून वाळूत बैठक मारली. ती गेल्यावर उगाच हिशेब करत बसले. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, 3.57 ने गुणायचं; क्षितिज तेवढे किलोमीटर लांब. दीपगृहाचा सज्जा तीसेक मीटरवर धरला तर ताईला साडेएकोणीस किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसणार. मी उभी राहिले असते तर साडेचार. बसल्यावर डोळे जेमतेम 80 सेंटिमीटरवर, म्हणजे माझा समुद्र तीन किलोमीटरपाशी संपत होता. आडवी झाले तर आणखी आखूड. मी आडवी झाले.

तेवढ्यात खारा वारा सुटला होता. ऊन चढलं की जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते, हे शाळेत पाठ केलेलं. पण ते नेमकं डोळ्यावर झापड आणण्याच्या वेळी सुरू होतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

जाग आली ती पाय भिजल्यामुळे. पावणेएक. चपला गायब.

चूक माझीच. तासाभरापूर्वीपर्यंत पाणी रेंगाळत होतं, म्हणून मी गाफील. भरतीचे सहा तास सारखे नसतात. ढोबळमानाने चढण्याचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. म्हणजे अर्धी भरती मधल्या दोन तासांत, आणि मी नेमकी तेव्हा झोपले. बरं, समुद्राने आधी सांगितलंही होतं. माझ्या डोक्याच्या बऱ्याच मागे, वर, वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची लांबलचक ओळ पडली होती. कालच्या भरतीची सही. मी तिच्या खाली पथारी पसरली होती.

उजवी चप्पल फेसात गटांगळ्या खाताना सापडली. डावी गेली. ताई आली, तिने माझ्या पायांकडे पाहिलं, काही बोलली नाही. इतकं हसू आल्यावर बोलता येत नाही.

सूर्यास्त ढगांत गेला. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मात्र लक्षात राहतील. खारा वारा पडला होता, जमिनीवरचा मतलई अजून सुटला नव्हता. पानसुद्धा हलेना. पाणी पुन्हा लांब निघालेलं, गाज खालच्या पट्टीत. ताईने यादीचा कागद काढला, सूर्यास्तापुढे फुली मारली, मग ती खोडली.

बसमध्ये एक पाय अनवाणी. कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून बोललं नाही.

आत्ता ताईने दीपगृहावरून काढलेला फोटो पाठवला. तिचा साडेएकोणीस किलोमीटरचा समुद्र, निळा, भलामोठा. खालच्या कोपऱ्यात पुळणीवर एक ठिपका, तो मी आहे म्हणे. बोटांनी मोठा करून पाहिला. ठिपक्याच्या शेजारी आणखी दोन बारके ठिपके आहेत. पाणी त्यांच्यापासून अजून बरंच लांब आहे.