दुपटीचं वर्तुळ

स्नेहसंमेलन आणि सहलींच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळ येतील. मला लिहायचंय ते नववीतल्या गणिताच्या एका तासाबद्दल.

सरांनी विचारलं, "वर्तुळाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं, तर त्रिज्या किती पट होईल?" वर्ग एका सुरात ओरडला, "दुप्पट!" सर काही बोलले नाहीत. त्रिज्या दुप्पट घेऊन क्षेत्रफळ काढायला लावलं. ते चौपट आलं. लगेच हुशार बाकांवर २२/७ चे गुणाकार सुरू झाले. सर म्हणाले, "पाय वरही आहे, खालीही आहे. उडवा की!" पाय उडाला आणि उरले नुसते त्रिज्यांचे वर्ग. म्हणजे क्षेत्रफळ जितके पट, त्याचं वर्गमूळ तितके पट त्रिज्या. दुपटीला १.४१४. वाढ जेमतेम ४१ टक्के.

मग सरांनी खरी गंमत दाखवली. वर्तुळाला चारही बाजूंनी टेकणारा चौरस काढला आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं दुसरं वर्तुळ. बाहेरचं आतल्याच्या बरोबर दुप्पट! आतली त्रिज्या म्हणजे चौरसाची अर्धी बाजू, बाहेरची म्हणजे अर्धा कर्ण. पुढचं पायथागोरसवर सोपवायचं. दोनाचं वर्गमूळ दशांशात लिहायला बसलं तर संपत नाही, कंपासने मात्र नेमकं काढता येतं. हे मला तेव्हा फार भारी वाटलं होतं, आजही वाटतं.

एका मुलाने नियम काढला: क्षेत्रफळाची टक्केवारी निम्मी करा, झाली त्रिज्येची वाढ. दोन टक्क्यांना तो जवळपास जमतो. २१ ला १०, इथवरही ठीक. पण ४४ ला २० आणि १०० ला ४१! सरांनी नियम खोडला नाही, "छोट्या वाढीपुरताच" असं शेजारी लिहिलं. मग १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाला तेवढंच क्षेत्रफळ पुन्हा पुन्हा जोडायला सांगितलं. त्रिज्या झाल्या १४.१, १७.३, २०. प्रत्येक कडं आधीच्याहून अरुंद, कारण तेवढीच भर दर वेळी आणखी लांब परिघावर पसरायची.

पुढे मी छायाचित्रणात पडले. प्रकाश आत सोडणारं छिद्र किती उघडं ते सांगणारे लेन्सवरचे २, २.८, ४, ५.६, ८ हे आकडे शिकाऊ मुलं पाढ्यासारखे पाठ करतात. मी त्यांच्यापुढे कंपास ठेवते. एक आकडा पुढे गेलं की छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं, प्रकाशही निम्मा. व्यास मात्र १.४ पटीनेच घटतो. वर्तुळ-चौरस काढल्यावर हे त्यांना फारसं समजवावं लागत नाही. तेवढा ५.६ खटकतो. चाराला १.४१४ ने गुणलं तर ५.६६ येतात, म्हणजे एका दशांशापर्यंत ५.७ हवेत. सरांनी लेन्सवाल्यांचा अर्धा गुण नक्की कापला असता.