कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय: रविवार टाळा, सकाळी लवकर जा

अण्णांना कणेरीचं सिद्धगिरी संग्रहालय दाखवायचं, हे दोन वर्षं नुसतं चाललं होतं. मागच्या महिन्यात योग आला, पण सुट्टीच्या हिशेबात रविवार पडला. शक्य असेल तर तुम्ही तो टाळाच.

कोल्हापुरातून पुणे-बेंगळूरु महामार्गाने कागलकडे निघालं की गोकुळ शिरगावजवळ कणेरीचा फाटा लागतो. शहरापासून 12-15 किलोमीटर. आधी गुहेसारख्या भागात ऋषिमुनींचे पुतळे दिसतात. तिथून बाहेर पडलं की उघड्यावर सुमारे 7 एकरांत आख्खं गाव उभं आहे. बारा बलुतेदार, शेतकरी, बायाबापड्या, गुरंढोरं, सगळी माणसाच्या मापाची आणि सिमेंटची. पण कामात गढलेल्या माणसाची मान जशी वाकते, तशी ती वाकलेली आहे.

अण्णा लोहाराच्या पालाशी थांबले. लहानपणी नांगराचा फाळ शेवटायला, म्हणजे त्याला धार लावून घ्यायला, गेले की भाता ओढायचं काम त्यांच्याकडे असायचं. ते मला सांगत होते, बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवायची: शेणकुटांच्या जाळात लोखंडी पट्टी लाल करायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. सांगताना त्यांचा उजवा हात भाता ओढल्यासारखा वरखाली होत होता.

तेवढ्यात सात-आठ जणांचं टोळकं आलं. मोबाईलवर मोठ्याने गाणं. दोघे दोरी ओलांडून सरळ आत गेले. एकाने लोहाराच्या गळ्यात हात टाकला, दुसऱ्याने त्याच्या डोळ्यांवर आपला गॉगल चढवला आणि रील सुरू. शेजारच्या देखाव्यात एका बापाने लेकराला बैलाच्या पाठीवर बसवलं होतं. मी म्हटलं, ‘‘दादा, बाहेर या जरा. रंग उडतो, बोटं मोडतात.’’ उत्तर आलं, ‘‘तिकीट काढलंय आम्ही पण.’’ अण्णा काही न बोलता बाजूला झाले. मला राग आला तो त्याचाच. ज्या माणसाने हे आयुष्य जगलंय, त्याला तिथे उभं राहायला जागा नव्हती.

हे पुतळे ऊनपावसात उभे आहेत. हात लागून लागून काही ठिकाणी रंग गेला आहे, हे जवळून बघितलं की कळतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर आत शिरायच्या आधीच बजावा. त्याच दिवशी एका शाळेची सहल आली होती. त्यातली एक मुलगी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती आणि मागची पोरं गप्प ऐकत होती. तेव्हा वयाचा दोष नाही.

मधल्या वारी, उघडल्या उघडल्या पोहोचा. निदान तीन तास हाताशी ठेवा. सावली कमी आहे, टोपी आणि पाणी लागतंच. ज्येष्ठांना चालणं बरंच पडतं, तेव्हा मधे मधे बसवत न्या. आणि घरातलं कुणी खेड्यात वाढलेलं असेल तर त्यांना बरोबर घ्याच. पाटीवर मजकूर थोडा असतो, बाकीचं त्यांच्याकडे असतं.

टोळकं गेल्यावर आम्ही परत लोहाराकडे आलो. अण्णा दोरीच्या अलीकडे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी तात्याला आणू. भाता आम्ही दोघं मिळून ओढायचो.’’