मध्यरात्री आपोआप जागा होणारा कॉम्प्युटर

४ रात्री हेच चाललं होतं. डेस्कटॉप स्लीपला टाकून झोपायचं आणि मध्यरात्री त्याच्या पंख्याच्या आवाजाने दचकून उठायचं. आज ठरवलं, कारण सापडेपर्यंत खुर्चीवरून हलायचं नाही.

पहिला संशय माउसवर. तो काढून ठेवला, तरी तेच. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (जिथे आज्ञा टाइप करून देतात) 'पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक' (powercfg /lastwake) दिलं आणि मशीनला शेवटचं कोणी उठवलं ते समोर आलं: नेटवर्क कार्ड! स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे चालू काम ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, वीज मिळत राहते, म्हणून उघडं काम जसंच्या तसं राहतं, हे माहीत होतं. पण नेटवर्क कार्डही जागं राहू शकतं आणि नेटवर्कवरून आलेल्या एखाद्या पॅकेटने (डेटाच्या छोट्या तुकड्याने) अख्खं मशीन उठू शकतं, हे आज कळलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन फक्त मॅजिक पॅकेटनेच, म्हणजे मशीन उठवण्यासाठी मुद्दाम पाठवलेल्या खास पॅकेटनेच, उठायची परवानगी ठेवली. (परवानगी पूर्ण काढूनही टाकता येते, पण मला कधीकधी दुसऱ्या खोलीतून मशीन चालू करावं लागतं.)

दुपारपासून ६ तास झाले, शांत झोपलाय. इतकं बरं वाटतंय! तुमचाही अवेळी उठत असेल, तर बाकी सेटिंगना हात लावण्याआधी ती एक कमांड नक्की देऊन बघा.