द कन्सर्न्ड टीचर

नववीत अंगात कणकण होती म्हणून मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला. शेवटी ऐटीत एक वाक्य जोडलं: बुडालेला अभ्यास 'द कन्सर्न्ड टीचर'ना विचारून भरून काढीन. हा शब्द आमच्या घरी वडिलांमुळे आला होता. उताऱ्यासाठी ते तालुक्याला खेटे घालायचे आणि रोज एकच ऐकून यायचे, "कन्सर्न्ड साहेब नाहीत, उद्या या."

इंग्रजीच्या सरांनी अर्ज वर्गात मोठ्यानं वाचला. मग खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाले, "हा बघा, काळजीत पडलेला मास्तर!" पोरं हसून लोळायची बाकी राहिली. फळ्यावर दोन ओळी उमटल्या. 'द कन्सर्न्ड टीचर' म्हणजे चिंतेत असलेला शिक्षक, 'द टीचर कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित शिक्षक. आपण मराठीत 'संबंधित अधिकारी' म्हणतो, कन्नडमध्येही 'संबंधपट्ट अधिकारी', म्हणून सीमेवरचं पोर दोन्ही बाजूंनी घसरतं, असं सरांचं म्हणणं. (आपल्याकडच्या इंग्रजी परिपत्रकांत हा वापर आता इतका रुळलाय की त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सरांना हे अजिबात पटलं नसतं.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या गिरणीतून पिठाची चाळण मागवली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ज्वारीचं पीठ चाळायला लागले. "लॅटिनमध्ये 'कॉन' म्हणजे एकत्र, 'सेर्नेरे' म्हणजे चाळणं. एका चाळणीत पडलं की एकमेकांशी संबंध आला. संबंध आला की लक्ष आलं. आणि लक्ष घातलं की काळजी काय सुटते होय रे?" पीठ त्यांच्या काळ्या बुटांवर बसलं होतं. वर राहिलेला चिमूटभर कोंडा त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तळहातावर ठेवला. का, ते सांगितलं नाही. पुढं 'अबाउट' आलं तर काळजी आणि 'विथ' आलं तर संबंध, हे मात्र दहादा घोकून घेतलं.

कन्नडच्या बाई दारातून हे बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्यातही काळजीच म्हणतात री." खरंच, कन्नडमध्ये 'काळजी' आहे, तीही बरीचशी आपल्याच अर्थानं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला सीमारेषा आखली गेली, तिच्या कितीतरी आधीच हा शब्द इकडून तिकडं जाऊन घरचा झाला असणार.

पुढं मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाला लागलो. पहिल्याच वर्षी ऑडिटच्या कागदात 'गोइंग कन्सर्न' दिसलं आणि मी मनात भाषांतर केलं, 'चालू काळजी'. तिथं कन्सर्न म्हणजे धंदा. नजीकच्या काळात तो बंद करायचा इरादा नाही, तशी वेळही आलेली नाही, असं धरून हिशेब मांडायचे. हिशेब कसे मांडायचे ते ठरवणाऱ्या नियमांतल्या, म्हणजे लेखा मानकांतल्या, पहिल्या मानकाच्या तीन मूलभूत गृहीतकांपैकी हे एक. ऑर्डरी थंडावलेल्या महिन्यात पगाराची पाकिटं भरताना मात्र माझंच भाषांतर बरोबर वाटायचं.

दहावीच्या परीक्षेचं केंद्र खानापूरला होतं. इंग्रजीच्या पेपरादिवशी आमच्या गावाकडची बस वाटेत बंद पडली. आम्ही सहा जण एका ट्रॅक्टरवर बसून पोहोचलो, तेव्हा घंटेला चार-पाच मिनिटं उरली होती. सर फाटकाबाहेर उन्हात उभे. त्या दिवशी त्यांना तिथं काही ड्युटी नव्हती. एका हातात घड्याळ, पट्टा तुटलेलं, दुसऱ्या हातात आमच्यासाठी आणलेली जादा पेनं. आम्हाला बघून त्यांनी नुसतं "पळा!" म्हटलं. वर्गात शिरताना मी मागं वळून पाहिलं. ते फाटकाच्या गजाला टेकून खाली बसले होते, दोन्ही हातांत डोकं धरून.