स्पॉट शोध अपडेट: धुराड्यामागचा सूर्य आणि मधे ऊस

या वर्षी ठरवलेलं की गाडीनं वीसेक मिनिटांत पोचता येईल असेच सूर्याच्या फोटोचे स्पॉट शोधायचे. पन्हाळा, मसाई पठार भारीच आहे, वाद नाही, पण पावसाळ्यात तीन दरवाजापाशी दोन तास धुक्यात उभारून नुसता पांढरा कागद घेऊन परत आलोय, आणि रंकाळ्याच्या चौपाटीवरनं शालिनी पॅलेसच्या अंगाला मावळणारा सूर्य तर निम्म्या कोल्हापूरच्या स्टेटसला असतोय.

तर सध्याचा स्पॉट प्रयाग चिखलीच्या बाजूचा. पाणंदीनं आत गेलं की लांबवर एक गुऱ्हाळ दिसतं, पत्र्याचं शेड आणि उंच धुराडं. अ‍ॅपवर दिशा बघितली तर १० नोव्हेंबरला सूर्य बरोबर धुराड्यामागनं उगवणार. पहाटे गेलो आणि मधे ऊस! आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष रानात राहणारा, माझ्या दुप्पट उंच, वर तुरे आलेले. सप्टेंबरात नुसता नकाशा बघून जागा पक्की केलती, नकाशात ऊस दिसत नाही ना भावा. आपल्याकडं कुठला स्पॉट कधी उघडणार हे उसाची तोड कधी आहे त्यावर ठरतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग अंबाबाईचा किरणोत्सव आठवला, मावळतीची किरणं देवळात थेट देवीच्या मूर्तीवर येतात तो. त्याचे मुख्य दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेला सरकतो आणि त्याच वाटेनं माघारी येतो, त्यामुळं साधारण ४२ दिवस आधी जिथं होता तिथंच ४२ दिवसांनी परत सापडतो. देवळात मावळतीचा हिशोब, माझा उगवतीचा, गणित एकच. रानमालकाला विचारलं, तोड जानेवारीत म्हणाले. म्हटलं जमलं!

१ फेब्रुवारीला गेलो, रान मोकळं, धुराडं बुडापासनं दिसतंय. पण मी नोव्हेंबरच्या वेळेनं गेलतो. जागा तीच असली तरी वेळ तीच नसते, नोव्हेंबरात ६:३५ च्या आसपास उगवलेला आता सातला चार-पाच मिनिटं झाल्यावर येतोय. अर्धा तास थंडीत काय करायचं म्हणून शेडमधे गेलो. गुळव्या मामा, म्हणजे गूळ करणारे, रस उकळणाऱ्या काहिलीवरची मळी काढत होते, खाली चुलवाणात चिपाडं, आणि वाफ अशी की समोरचा माणूस नुसता धोतर आणि आवाज एवढाच. लई भारी फ्रेम म्हणून कॅमेरा काढला, गार लेन्स त्या वाफेत, एका सेकंदात काच पांढरी. पुसली की परत पांढरी. पळत बांधावर आलो तोवर सूर्य धुराडं सोडून उजवीकडं वर गेलेला. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तुमच्या लेन्ससाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी परत. एका दिवसात सूर्य किंचित उत्तरेला आलेला असतो, धुराड्यापासनं चारेकशे मीटरवर उभारलं तर आपल्याला दोनेक मीटर उजवीकडं सरकावं लागतं, मी बांधावर कालची जागा ढेकूळ ठेवून ठेवलती त्यावरनं तीन पावलं मोजली. एवढ्या लांब उभारायचं कारण म्हणजे जवळनं धुराडं मोठं आणि सूर्य टिकलीएवढा दिसतो, चारशे मीटरवरनं सूर्याची रुंदी साडेतीन मीटर रुंद धुराड्याएवढी भरते. २५० एमएम, एफ ११, आयएसओ १००, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता स्क्रीनवर बघून. पलीकडं कुणीतरी पाचट पेटवलेलं, त्या धुरानं सूर्य तांबडा गोळा झाला, नशीब. अकरा फ्रेममधल्या दोन ठेवल्यात, बाकी धुराडं वाकडं.

मालक तिथं खोडवा ठेवणार आहेत, तोडलेल्या बुडख्यातनंच परत ऊस फुटणार, म्हणजे येत्या नोव्हेंबरात परत भिंत. बघू.

निघताना गुळव्या मामांना फोटो दाखवला. बघितला न बघितल्यासारखा केला आणि म्हणाले, "धुराडं काय बघायचं रे, रव्यांचा काढ की." काढलाय, कापडातनं नुकते सोडलेले गुळाचे सहा रवे, पुढच्या अपडेटला टाकतो.