मास्ट उभा राहिला, पण अर्थिंगचं काय?

गच्चीवर रेडिओच्या अँटेनासाठी ९ मीटरचा मास्ट, म्हणजे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा करायचा तर तीन दिशांना, १२० अंशांवर तारांचे ताण द्या. अँकर, म्हणजे तारांची खालची टोकं बांधायची जागा, मास्टच्या तळापासून उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर, म्हणजे साडेपाच ते सात मीटर. तेवढी गच्ची नसेल तर मास्टच छोटा करा. कठड्याच्या विटेत हूक ठोकणं म्हणजे कठडा पाडायची तयारी. टर्नबकलमधून (ताण घट्ट करायच्या स्क्रूमधून) वेगळी बारीक तार ओवून पीळ द्या, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने टर्नबकल हळूहळू उलगडतो.

खरा घोळ अर्थिंगचा. मास्टचा जमिनीत पुरलेला अर्थिंगचा रॉड वेगळा, मीटरचं अर्थिंग वेगळं, आणि दोन्ही जोडलेले नाहीत, असं सर्रास दिसतं. जवळपास वीज पडली की दोन्हींत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो करंट रेडिओतूनच वाट काढतो. सगळे रॉड जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडा. पट्टीला काटकोनी वळणं नकोत. कोॲक्स (अँटेनाची केबल) घरात शिरण्याआधी गॅस ट्यूब अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारं उपकरण, त्याच पट्टीला जोडलेला. तांबं थेट जीआयवर आवळू नका, कोकणच्या खाऱ्या हवेत पाइपवरचं जस्त भराभर गंजतं. मध्ये स्टेनलेसचा पत्रा घाला.

कनेक्टरवर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी ओघळून जातं. आणि अरेस्टर असला तरी ढग गडगडण्याआधी रेडिओची केबल काढाच.