चिन्ह चुकलं नव्हतं

"माती किती दबेल हे मोजायला कॉम्प्युटर कशाला? प्रयोगशाळेत दाबून बघा की!" तापलेल्या मातीचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणं हे माझं काम; ते कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

दाबून बघतोच आम्ही. पण अणुकचऱ्याच्या गरम डब्याभोवतीची माती पुढच्या हजार वर्षांत काय करेल, हे बघायला थांबणार कोण? स्वित्झर्लंडमध्ये ग्रिम्सेलच्या बोगद्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या ठोकळ्यांमध्ये हीटर ठेवून 1997 पासून ते 100 अंशांवर तापवले. प्रयोग चालला 2015 पर्यंत. एवढा संयम दाखवूनही हाती आली 18च वर्षं!

खरी गंमत चिकणमातीत आहे. ती तापली की कणांपेक्षा छिद्रांतलं पाणी कितीतरी जास्त फुगतं. वाळूतून ते सहज निसटतं, विषय संपला. चिकणमातीत उष्णता पुढे निघून जाते आणि पाणी मात्र अडकून पडतं. त्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि मातीची ताकद तर त्या पकडीतच असते. पुढे पाणी हळूहळू झिरपतं, माती दबते, छिद्रं लहान होतात, पाण्याची वाट आणखी अरुंद होते. त्यात गरम पाणी वाहायला सोपं: 80 अंशांना त्याचा चिकटपणा 20 अंशांच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे उष्णता, पाणी आणि माती यांची समीकरणं एकमेकांत गुंतलेली. ती एकेक करून सोडवता येतात, पण टाइम स्टेप, म्हणजे गणितात एका वेळी पुढे सरकायचा काळ, जरा मोठी घेतली की उत्तरं भरकटतात. घाईत मी तेच करते आणि रात्री जागते.

सुरुवातीला एकदा मॉडेल म्हणालं, तापवल्यावर माती आकसली. मी दोन दिवस कोडमध्ये चुकलेलं वजा चिन्ह शोधत होते. चिन्ह बरोबर होतं. सध्याच्या भारापेक्षा जास्त भार कधीच न सोसलेली चिकणमाती, पाणी निघून जायला वेळ देत सावकाश तापवली, तर खरंच आकसते, आणि थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही. उलट पूर्वी कधीतरी प्रचंड ओझ्याखाली राहिलेली माती तेवढ्याच उष्णतेनं फुगते.

म्हणून कुणी नमुना घेऊन आलं की मी आधी विचारते, "हिच्यावर पूर्वी किती भार होता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मॅडम, रंगाला काळी आहे."